हाक कुणाला होती, शकूरभाई?

शकूरभाई, कब्रस्तानाच्या फाटकापाशी मी सायकल धरून उभी होते. आत बायकांनी जायचं नसतं हे मला ठाऊक होतं, पण घरी थांबवेना. तुमचा जनाजा आत गेला तेव्हा तुमचे धाकटे जावई मागं वळून म्हणाले, सिस्टर, सावलीला उभ्या राहा. यंदा तिथल्या लिंबाला सावली धरण्याइतकी पानंच राहिली नाहीत. मी उन्हातच थांबले. भिंतीला पुरुषांच्या सायकली टेकवलेल्या होत्या, त्यांत आबांची ती निळी, गिअरवाली. आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हाताला तुमच्या कबरीवर टाकलेली माती होती. त्यांनी ती धुतली नाही, झटकलीसुद्धा नाही. तशाच हातानं हँडल धरलं. बराच रस्ता आम्ही सायकली हातात घेऊन चालतच आलो. मग ते म्हणाले, "आता मी भांडायचं कोणासंगं, सिस्टर?"

 माझंही तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय. तुमच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगायला तुमची गल्ली आहे, कारखान्यातले जुने फिटर आहेत. मला फक्त त्या भांडणाबद्दल बोलायचंय. ते दुसऱ्या कुणाजवळ बोलता येणार नाही.

आपली ओळखच काट्यामुळं झाली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सांगितली, आणि जन्मभर नर्सचा पांढरा गणवेश घातलेली मी पंजाबी ड्रेस घालून, गल्लीचं हसू ऐकत, पहाटेची बीडच्या बाहेर पडायला लागले. पालीच्या रस्त्याला चाकात सराटा घुसला. मी तो उपटायला वाकले आणि मागून आवाज आला, "उपटू नका. त्यानंच हवा धरलीय. घरापर्यंत न्हील तुमाला." तुमची ती काळी, जड, घोड्यासारखी उंच सायकल. मी घरापर्यंत पोचले खरी. दुसऱ्या दिवशी तुम्ही फाट्यावर माझी वाट बघत उभे होतात, आणि सोबत आबा.

आबा साखर कारखान्याचे संचालक. तुम्ही त्याच कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढलेली. संचालक आणि फिटर रोज सकाळी एका रस्त्यानं सायकल हाकतात आणि पूर्ण वाटभर भांडतात, हे मी कुठं पाहिलं नव्हतं. साखळीला तेल घालावं की कोरडी पुसावी, इथून सुरुवात. आबा पिचकारीची बाटली आणायचे. तुम्ही म्हणायचात, धुळीच्या दिवसांत तेल म्हणजे धुळीला आवतण, फडक्यानं पुसा. गिअर हवेत की पाय हवेत. मग तिथून टँकर, कांदा, बंद पडणाऱ्या शाळा, पेपरात काय आलं आणि काय आलं नाही. फाट्यावरच्या हॉटेलात चहा. त्या वर्षी हॉटेलवाल्यानं पाटी लावली होती, चहा मागा, पाणी मागू नका. दूधही शेळीचं असायचं. गाई-म्हशी चाऱ्यासाठी छावणीत गेल्या होत्या.

दुष्काळाचं ते वर्ष. तलावात राहिलेलं पाणी उसाला सोडायचं की पिण्यासाठी राखायचं, यावर अख्खा जिल्हा भांडत होता आणि तुम्ही दोघंही. आबा उसाच्या बाजूनं, तुम्ही पिण्याच्या. पण कारखान्याचं निघालं की आबाच म्हणायचे, तो आता खासगीला भाड्यानं देऊन टाका, सहकार आमच्या बापजाद्यांबरोबर गेला. आणि तुम्ही, ज्यांचा पगार त्याच कारखान्यानं कितीदा लटकवला होता, तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणायचात, कारखाना आमचा हाय, द्यायचा न्हाई. आबा चिडून म्हणाले, "शकूर, तुझ्या बापाचं काय गेलंय बे त्यात?"

तुम्ही कप खाली ठेवलात. "घर गेलंय," म्हणालात. "माझ्या घरावर पाणी साचवलं तवा तुमचा ऊस पिकला. त्या उसावर मला नोकरी लागली. मी कोणावर चिडू, तुमीच सांगा."

तुमचं गाव त्या तलावाखाली आहे हे मला तेव्हा कळलं. पालीच्या पुढं, घाटाच्या अलीकडचा तो तलाव. आपण रोज त्याच्या भिंतीवर सायकली लावून बसायचो आणि तुम्ही कधी बोलला नव्हतात.

पुढं पंधरवड्यात तलाव पार आटला. मधोमध एक रस्ता वर आला. खडीचा, दोन्ही कडांना दगड लावलेला. कुठून तरी येऊन कुठंतरी निघालेला. तुम्ही भिंतीवरून तो बघितलात आणि आबांना आणि मला एवढंच म्हणालात, "जाऊन यायचं का?" आबांनी मान हलवली. ते म्हणाले, मी इथूनच बघतो, मला त्या जागेला सायकल घालायची नाही. संचालक माणूस, सगळ्या तालुक्यात कुठंही शिरणारा, तिथं मात्र थांबला.

तुम्ही पुढं, मी मागं. चाकाखाली वाळलेले शिंपले चुरचुर फुटत होते. इतकी शांतता मी मसणवटीतसुद्धा पाहिली नाही. एक पक्षी नाही, पानाची सळसळ नाही, कारण पानच नाही. सकाळचं कोवळं ऊन होतं, सगळं लख्ख दिसत होतं, आणि त्यामुळंच अंगावर काटा येत होता. काळोखात माणूस घाबरतो ते कळतं. तिथं लपायला काही नव्हतं.

घरांची जोती तेवढी उरली होती. तुम्ही सायकलवरून न उतरता एकेक दाखवत गेलात. हे पाटलाचं. हा आमचा ओटा. ही मशिदीची पायरी. मग विहीर आली. दगडी, रुंद तोंडाची, तळाला हिरवं पाणी. अख्खा तलाव आटला आणि विहिरीत पाणी होतं. तुम्ही सायकल स्टँडला लावलीत आणि आबांनी वाटेत काढलेला मुद्दा खोडायला लागलात. पिण्याचं पाणी राखलं नाही तर गावं उठतील, आमचं गाव पाण्यानं उठलं, यांची पाण्यावाचून उठतील, असं काहीतरी. आणि वाक्याच्या मधेच थांबलात.

मीही ऐकलं होतं.

डाव्या हाताला, जिथं नुसती भेगाळलेली सपाट माती होती, तिथून बाईचा आवाज आला. "बाबूऽ, ओ बाबू." घाबरलेला नाही, रडवेला नाही. जेवण वाढून ठेवल्यावर खेळणाऱ्या पोराला बोलावतात, तसा थकलेला, सवयीचा. मी तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मी तुम्हाला विचारलं, "कोणाला बोलावतायत? बाबू कोण?"

मी आयुष्यभर लोकांना वाईट बातम्या सांगितल्यात, शकूरभाई. त्या वेळचे चेहरे मला माहीत आहेत. तुमचा चेहरा तसा नव्हता. उशिरा घरी आलेल्या आणि दारातच पकडल्या गेलेल्या पोराचा तो चेहरा होता. तुम्ही म्हणालात, "चला." आणि पळत पळत सायकलवर बसलात.

भिंतीवर चढलो तर आपण तोंड उघडायच्या आत आबांनी विचारलं, "तुमी दोघांनी एकदमच मान कावून वळवली? तिकडं तर काहीच न्हवतं." तुम्ही म्हणालात, वारं होतं. आबांनी अंगठा ओला करून वर धरला. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. त्या दिवशी आपल्या तिघांच्यात फाट्यापर्यंत कुणीच भांडलं नाही. हॉटेलवाला म्हणाला, आज कुणी मेलंबिलं का?

मग आपलं ते भांडण सुरू झालं. तुम्ही मला एकटीला गाठून सांगितलंत की अम्मी तुम्हाला लहानपणी बाबू म्हणायची. ती गेली, तेव्हापासून त्या नावानं कुणी बोलावलं नव्हतं. तुमच्या बायकोलाही माहीत नव्हतं. आणि म्हणून, तुमच्या मते, मीच आधी कधीतरी ते तुमच्या तोंडून ऐकलं असणार. बोलता बोलता सांगून गेला असाल. तुम्ही पेपर वाचणारे, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधणारे. मशीन बिघडलं तर त्याला भूत लागत नाही, कुठला तरी बोल्ट ढिला असतो, हे तुमचं तत्त्व. इथं ढिला बोल्ट मी होते. मी म्हणायची, तुम्ही नाही सांगितलं. तुम्ही म्हणायचात, मी सांगितलं असंल, तुमी विसरल्या. चढावर, उतारावर, पंक्चर काढताना, कितीदा. कधी चेष्टेनं, कधी चिडून. एकदा तुम्ही मला शपथ घालायला निघालात आणि मग स्वतःच थांबलात. कारण मी शपथ घेतली असती तर तुमच्याकडं काही उरलं नसतं.

मग पाऊस झाला. तलाव भरला, रस्ता खाली गेला. आपण पुन्हा भिंतीवर बसायला लागलो. पण तुम्ही पाण्याकडं पाठ करून बसायचात, उसाकडं तोंड करून. आबांशी बोलता बोलता मधेच थबकायचात आणि मान तिरकी करायचात, जणू मागून कुणी येतंय. आबा ते बघायचे आणि मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. कारखान्यातल्या सभेच्या, निवडणुकीच्या, कशाच्याही गोष्टी. आबांच्या आवाजाचा मला एरवी त्रास व्हायचा. त्या दिवसांत मी त्यांची ऋणी होते.

एका हिवाळ्यात तुम्ही परळीला आपाकडं जाऊन आलात. तुमची थोरली बहीण. तिच्या अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांवर वीजकेंद्राच्या कोळशाची राख कशी बसते, ते तुम्ही मला आधी सांगितलंत. बराच वेळ राखेबद्दलच बोललात. आपण सायकली हातात धरून घाटाचा पहिला चढ चढत होतो, आबा गिअर टाकून पुढं गेले होते.

"बाबू माझं नाव न्हवतंच," तुम्ही म्हणालात. "बाबू माझ्या आधीचा. माझा भाऊ. त्या विहिरीत गेला. मी त्याच्या मागून झालो. अम्मी चुकून मला त्याच्या नावानं हाक मारायची. घरात कोणी बोलायचं न्हाई ते. आपा म्हणली, गाव सोडायच्या दिवशी अम्मी विहिरीपासून हालत न्हवती. अब्बांनी उचलून गाडीत घातली."

मला वाटलं, तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं असेल. हाक तुम्हाला नव्हती, म्हणजे भ्यायचं कारण नव्हतं. मी तसं बोललेही. तुम्ही थांबलात. चढावर सायकल मागं सरकत होती, ती तुम्ही छातीनं अडवून धरलीत.

"जलमभर वाटायचं, ती हाक माझी हाय," म्हणालात. "कारखान्यात भोंगा झाला की मला तीच आठवायची. जेवायची सुट्टी. आता काय आठवू?"

 मी एका हातानं तुमच्या सायकलचं कॅरिअर धरलं आणि आपण तशाच दोन्ही सायकली वर नेल्या. त्यानंतर तुम्ही मला ते नाव आधी सांगितलं होतंत की नाही, हा वाद कधी काढला नाहीत. मला मात्र ते भांडण हवं होतं. तुम्ही चुकीचे ठरावेत म्हणून नव्हे. भांडत होतात तोवर तुम्ही या बाजूला होतात.

यंदा पुन्हा पाऊस गेला. तलाव पुन्हा आटायला लागला आणि तुमचा श्वासही. चढावर उतरून चालायला लागलात, मग फाट्यापर्यंतच यायला लागलात, मग घरासमोर खुर्ची टाकून बसून आम्हाला रस्ता कसा आहे ते विचारायला लागलात. शेवटी दवाखाना. मी रोज दुपारी यायची. नर्स म्हणून मला तुमचे आकडे कळत होते. तुम्ही मात्र मला विचारायचात, कारखान्याच्या सभेत काय होणार, आबा हात वर करणार का. मी म्हणाले, आबा सांगत नाहीत. तुम्ही हसलात. "सांगणार न्हाई त्यो. त्याला पटलंय माझं. म्हणून सांगत न्हाई."

त्या दुपारी तुमची मुलगी औषध आणायला खाली गेली होती. वॉर्डात पंखा फिरत होता, पलीकडच्या खाटेवरचे म्हातारबाबा झोपले होते. तुम्ही त्या सभेबद्दलच काहीतरी बोलत होतात आणि वाक्याच्या मधेच थांबलात. तुमची मान डाव्या बाजूला वळली. तिकडं भिंत होती, रंग उडालेली. तुमच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग ती गेली. तुम्ही बराच वेळ ऐकत राहिलात. मी तुमची नाडी धरली होती.

"सिस्टर," तुम्ही म्हणालात, "शकूर म्हणतीय."

मी कान दिला. खरंच सांगते, सगळा जीव कानात आणला. पंखा होता. खाली रस्त्यावर एक टँकर वळत होता. बाकी मला काहीही ऐकू आलं नाही. तलावात ती हाक तुमची नव्हती आणि आपण दोघांनी ऐकली. इथं ती तुमची होती आणि तुम्ही एकट्यानंच ऐकलीत. मी तुमचा हात दाबला आणि विचारलं, नक्की शकूर? तुम्ही माझ्याकडं अशा नजरेनं बघितलंत की जणू मी सराटा उपटायला निघालेय. मग तुमची मुलगी आली. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

माझ्या सासूबाई सांगायच्या, दिसत नाही त्याच्या हाकेला ओ देऊ नये. मी लेकराबाळांना तेच सांगत आले. म्हणूनच त्या दिवशी विहिरीपाशी मी ओ दिली नाही आणि तुम्हीही नाही. दवाखान्यात तुम्ही दिलीत का, मला कळलं नाही. ओठ हलले होते, एवढं खरं.

तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीनंतर मी हे सगळं आबांना सांगितलं. फाट्यावर बसून, पहिल्यापासून. आवाज, बाबू, परळीची आपा, वॉर्डातली भिंत.  ऐकता ऐकता आबांचा चहा निवला. त्यांनी एकच विचारलं, मग त्या लेकराला बोलावणाऱ्या बाईला आजवर कुणी ओ दिली का? मी म्हणाले, नाही. सासूबाईंचं सांगणं त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीवर थांबले नाहीत. सरळ सायकल खाली घातली. रस्ता पुन्हा वर आलाय, शकूरभाई, तसाच. कडेनं जेसीबी गाळ उपसतायत, ट्रॅक्टर भरून शेतात नेतायत, पण त्या अंगाला अजून कुणी पोचलेलं नाही. इतक्या सकाळी मशिनंही बंद होती. आबा विहिरीपाशी उतरले. काठावर वाकले. घसा खाकरला, तर विहिरीनं तो खाकरणं जसंच्या तसं वर फेकलं. त्यांच्या पायाखालचा एक खडा आत पडला, त्याचाही आवाज दोनदा आला. पलीकडच्या दगडाला माझं पायडल घासलं, तेसुद्धा विहिरीनं परत केलं.

"कोणत्या बाजूनं आली होती?" त्यांनी विचारलं. मी डावीकडं बोट केलं. आम्ही दोघं बराच वेळ तिकडं बघत राहिलो. काहीच आलं नाही. मला वाटलं, बरं झालं. मी सायकल वळवायला लागले.

"ते सासूबाईंचं ऱ्हाऊ द्या, सिस्टर," आबा म्हणाले. "ती माय कवापासून उभी हाय. पोरगं तर देता येत न्हाई कोणाला. ओ तरी द्यावी."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात काठावर टेकवले, आणि सभेत माईक नसताना बोलतात तसल्या आवाजात, छाती भरून म्हणाले, "ओ ऽऽ, आलो ऽऽ."

आम्ही वाट पाहिली. आबा वाकलेलेच होते. माझा हात ब्रेकवर होता. खाली हिरवं पाणी हललं नाही.

एवढी मोठी ओ, शकूरभाई. विहिरीनं ती परत दिली नाही.